गृहोपयोगी विचार : घरातील पहिले शिवणयंत्र

घरात एखादी नवी वस्तू आणावयाची झाली म्हणजे तीन प्रश्न उभे राहतात. ती हवी आहे काय, कोणाकरिता हवी आहे, आणि कोणती घ्यावी. बाजारास निघालेला मनुष्य बहुधा तिसऱ्या प्रश्नापासून आरंभ करतो. मग पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर पुढे ती वस्तूच देते. म्हणजे ती भिंतीशी उभी राहते, तिच्यावर नक्षीदार झाकण पडते, झाकणावर वर्तमानपत्रांची चळत येते, आणि वर्षा-दोन वर्षांनी घरातील मुले तिला टेबल म्हणू लागतात. शिवणयंत्राच्या वाट्यास ही दशा फार वेळा येते.

या महिन्यात हा विषय घेण्यास दोन पत्रे निमित्त झाली आहेत. पहिले शिरूरचे. पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या घरी सासू-सासरे, दीर, जावा व मुले मिळून अकरा माणसे आहेत. तिला शिवण शिकावयाचे आहे, व घरातून आठ-नऊ हजार रुपये देण्याचे ठरलेही आहे. परंतु थोरल्या दिरांनी मोबाईलवर एकवीस प्रकारचे टाके घालणारे यंत्र पाहून ठेवले आहे; आणि सासूबाई म्हणतात की, तयार कपडे इतके स्वस्त मिळत असता हा खटाटोप हवाच कशाला? दुसरे पत्र दौंडचे. आमचा एक जुना विद्यार्थी तेथे रेल्वेत नोकरीस आहे. त्याची धाकटी बहीण चार वर्षांच्या मुलास घेऊन माहेरी येऊन राहिली आहे, व शिवणकामावर आपला आणि मुलाचा खर्च चालवावा अशी तिची इच्छा आहे. तो लिहितो, "गुरुजी, आम्हांस यंत्र एकदाच घेता येईल. चुकीचे आले तर दुसरे घेण्यास पैसे नाहीत." एका घरी हौस व काटकसर यांचा प्रश्न आहे, दुसऱ्या घरी उपजीविकेचा. तथापि दोघींनी प्रथम कोणते यंत्र घ्यावे, याचे आमचे उत्तर एकच आहे. ते का, हे आता सांगतो.

प्रथम ही विद्या केवढी जुनी आहे ते पाहावे. 'शिवणे' हे आपले क्रियापद संस्कृत 'सिव्' धातूपासून आले, व 'सुई' म्हणजे 'सूची'. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात राका देवतेची प्रार्थना आहे. तीत ऋषी मागणे मागतो की, न मोडणाऱ्या सुईने देवीने आमचे कर्म शिवावे. ज्याने कधी सुई मोडल्याचा त्रास पाहिला नाही, त्यास हे मागणे सुचणार नाही. वात्स्यायनाने सांगितलेल्या चौसष्ट कलांतही सूचीवानकर्माची गणना आहे. सारांश, सुईदोरा हलके काम आहे असे आपल्या पूर्वजांनी मानलेले दिसत नाही.

यंत्र मात्र अलीकडचे. हातसुईचे नेढे मागील टोकास असते. यंत्राच्या सुईचे नेढे टोकाजवळ असते, आणि सर्व युक्ती या एका फरकात आहे. सुई कापडातून खाली गेली की तिच्याबरोबर दोऱ्याचा लहानसा फास खाली जातो. खालचे शटल त्या फासातून बॉबिनचा दोरा नेते. सुई वर येताच दोन्ही दोरे कापडाच्या पोटात एकमेकांस अडकतात. यास आपण टीप म्हणतो. अशा दुदोरी टिपेच्या यंत्राचे पेटंट अमेरिकेत इलायस हौ याने १८४६ मध्ये घेतले, व आयझॅक सिंगर याने १८५१ मध्ये आपले सुधारलेले यंत्र पुढे आणले. यंत्र एकरकमी घेणे सामान्य कुटुंबास झेपत नाही हे पाहून सिंगरच्या पेढीने १८५६ पासून हप्त्याने यंत्रे देण्याची रीत पाडली. आज दुकानदार ज्यास 'ई.एम.आय.' म्हणतो त्याची एक जुनी पिढी ती हीच. आपल्या देशात १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्यास जय इंजिनिअरिंगच्या कारखान्यात 'उषा' यंत्र होऊ लागले; पुढे पंजाबातील लुधियाना हे शिवणयंत्रे व त्यांचे सुटे भाग यांचे मोठे केंद्र झाले. शिरूरच्या बाजारात शटल किंवा पट्टा मागताक्षणी मिळतो, त्यामागे हा इतिहास आहे.

यंत्रमात्राचे विरोधक म्हणून ज्यांची ख्याती, त्या महात्मा गांधींनीही या यंत्रास अपवाद ठरविले होते. १९२४ मध्ये जी. रामचंद्रन यांनी त्यांना यंत्रांविषयी छेडले असता त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचे नाव घेऊन, मनुष्याने शोधलेल्या थोड्या खरोखर उपयुक्त वस्तूंपैकी ती एक होय, असे सांगितले. यंत्राने मनुष्याचे श्रम वाचवावेत, परंतु त्याचे हातपाय निकामी करू नयेत, हा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. पुढे आम्ही जे यंत्र सुचविणार आहोत, त्यास ही कसोटी बरोबर लागू पडते.

आता बाजाराकडे वळू. नवशिक्या माणसापुढे दुकानदार साधारणतः चार जातींची यंत्रे ठेवतो. किमती गावागणिक व महिन्यागणिक बदलतात. म्हणून पुढील आकडे केवळ अंदाजास धरावेत.

पहिली जात खेळण्यासारख्या लहान यंत्रांची. दीड ते अडीच हजारांस मिळतात, दिसावयास गोजिरवाणी असतात, आणि मोबाईलवरील जाहिरातींत सर्वांत पुढे हीच असतात. त्यांतील कित्येक एकाच दोऱ्याची साखळी घालतात. साखळीचे टोक सुटले म्हणजे सबंध शिवण क्षणात उसवते. परकराची दुमड किंवा पिशवीचा कोपरा आला की यांचा दम सरतो. ही स्वस्त नव्हेत. यांवर घातलेला पैसा परत येत नाही, म्हणून हीच सर्वांत महाग.

दुसरी जात काळ्या, ओतीव लोखंडाच्या, सरळ टीप घालणाऱ्या यंत्राची. आपल्या आजीच्या घरी होते ते हेच. नुसते यंत्र, हाताच्या दांड्यासह, सुमारे पाच ते सात हजारांत येते. लोखंडी स्टँड, पायटा व लाकडी फळी यांसह पायमशीन घेतल्यास आणखी दोन-तीन हजार लागतात. हे एकच टीप घालते, परंतु ती मलमलीपासून खाकीपर्यंत सर्व कापडांवर घालते.

तिसरी जात विजेच्या, पांढऱ्या, सुटसुटीत यंत्रांची. यांची सुई डावी-उजवीकडेही हलते, त्यामुळे नागमोडी टीप, काजे व नक्षीचे टाके यांवर घालता येतात. किंमत नऊ-दहा हजारांपासून सोळा हजारांपर्यंत, व पुढे हवी तेवढी. थोरल्या दिरांनी पाहिलेले यंत्र या जातीचे. चौथी जात कारखान्यातील यंत्राची. मोठे टेबल, मोठी मोटर, अतिशय वेग. नवे घेतल्यास वीस हजारांच्या आगेमागे. शिकणाऱ्याने ते घेणे म्हणजे सायकल न येणाऱ्याने मोटारसायकलीवर बसण्यासारखे होय.

आमचे मत असे की, शिरूर, दौंड किंवा तत्सम तालुक्याच्या गावी राहणाऱ्या कुटुंबाने पहिले यंत्र दुसऱ्या जातीचे, म्हणजे काळे, सरळ टिपेचे, पायाने चालणारे घ्यावे. यास चार कारणे आहेत.

पहिले कारण वेग. शिकणाऱ्यास टीप सरळ घालणे कठीण जात नाही. थांबावयाचे तेथे थांबणे कठीण जाते. पायाने चालणारे यंत्र पाय हलेल तितकेच चालते. गळ्याच्या गोलाईवर एकेक टाका घेत जाता येते, आणि उजव्या हाताने चाक धरले की यंत्र जागच्या जागी थांबते. विजेच्या यंत्रावर नवखा पाय दचकला तर चार अंगुळे टीप भलतीकडे निघून जाते, व सुईखाली बोट येण्याचे भयही अधिक.

दुसरे कारण दुरुस्ती. शिरूरला रेल्वे नाही. भीमेकाठचे दौंड मोठे जंक्शन खरे, परंतु पांढऱ्या यंत्राच्या आतील एखादा दाता तुटला तर त्याकरिता बहुधा पुण्याच्या अधिकृत केंद्राकडे जावे लागते. म्हणजे सत्तर-ऐंशी किलोमीटरांची खेप, आणि यंत्र मिळेपर्यंत वाट पाहणे. काळ्या यंत्राचे पोट मात्र गावचा कारागीर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन अर्ध्या तासात उघडतो. यंत्र घेण्यापूर्वी दुकानाआधी या कारागिराकडे जावे व विचारावे, "तुम्ही कोणते यंत्र दुरुस्त करता? कोणत्याचे भाग तुमच्यापाशी असतात?" तो ज्याचे नाव सांगेल, ते आपल्या गावचे उत्तम यंत्र समजावे.

तिसरे कारण वीज. मळ्यातील वस्तीवर ती केव्हा जाईल याचा नेम नसतो. उद्या शाळा उघडावयाची व आज मुलीच्या गणवेशाची बाही अर्धी राहिली, अशा वेळी पायमशीन दगा देत नाही. चौथे कारण असे की, या यंत्राची वाढ होते. हात बसल्यावर त्याच यंत्रास हजार-दीड हजार रुपयांत लहान मोटर बसविता येते, आणि पायटाही तसाच ठेवता येतो. पांढरे यंत्र मात्र पुढे पायावर चालविता येत नाही.

विरुद्ध पक्षही मांडला पाहिजे. सरळ टिपेच्या यंत्रावर साडीला फॉल लावता येतो, पिको करता येत नाही. ताणणारे होजियरी कापड नीट शिवता येत नाही. काजे हाताने करावे लागतात. ज्यांच्या घरी वीज अखंड आहे, दुरुस्तीचे केंद्र जवळ आहे, आणि शिकणारीचा हात आधीच बसलेला आहे, त्यांनी तिसऱ्या जातीचे यंत्र घेतल्यास आमचा आक्षेप नाही. परंतु एकवीस टाक्यांपैकी वर्षभरात चारच वापरले जातात, हे घेताना स्मरणात असावे.

दुकानात यंत्राची परीक्षा कशी करावी? जाताना घरून तीन चिंध्या न्याव्यात : एक मलमलीची, एक मांजरपाटाची, एक जाड खाकीची. दुकानदाराच्या टेबलावरील खळ लावलेल्या कापडावर कोणतेही यंत्र सुरेख शिवते. वर तांबडा व बॉबिनमध्ये पांढरा दोरा घालावयास सांगावे. शिवून पाहिल्यावर वरून केवळ तांबडा व खालून केवळ पांढरा दिसला तर दोऱ्यांची गाठ कापडाच्या मधोमध बसते आहे असे जाणावे. वर पांढरे ठिपके दिसत असतील तर वरचा दोरा फार ताणलेला आहे. खाली तांबडे वळसे येत असतील तर तो सैल आहे किंवा ओवण्यात काही राहिले आहे. टेन्शनची चकती थोडी फिरविल्याने हा दोष जावयास पाहिजे. गेला नाही तर दुसरे यंत्र मागावे. नंतर खाकीची चौघडी करून जाड सांध्यावरून टीप न्यावी. चाक हाताने फिरवून पाहावे. ते कोठेही अडू नये व खडखडूही नये. सुईची दांडी दोन बोटांत धरून हलवावी. ती डुगडुगू नये. शेवटी, ज्या व्यक्तीस यंत्र वापरावयाचे आहे तिने स्वतः त्यावर बसावे. तिला घरी ठेवून पुरुषांनीच यंत्र पसंत करून आणणे, ही रीत आम्हांस समजत नाही. पाय तिचे, पाठ तिची. स्टँडची उंची तिला बरी वाटते की नाही हे दुसरा कोण सांगणार?

नवे घेण्यापूर्वी घरचा माळा अवश्य पाहावा. कित्येक जुन्या घरांत सासूचे किंवा आजेसासूचे यंत्र तेथे पडून असते. शटल गोल, बॉबिन केसचे असेल, व चाक थोडे तेल घातल्यावर फिरत असेल, तर काहीशे रुपयांत ते नव्यासारखे होते. शटल होडीसारखे लांबट असल्यास मात्र त्याचे भाग दुर्मीळ झाले आहेत असे समजून ते आठवण म्हणून ठेवावे. जुने यंत्र विकत घेतानाही हीच परीक्षा, आणि सोबत तो ओळखीचा कारागीर.

यंत्राइतकेच महत्त्व लहानसहान साहित्यास आहे, म्हणून आठ हजारांतील हजार रुपये प्रथमच बाजूस ठेवावेत. कापडाकरिता वेगळी कात्री, जी घरात कोणीही कागदास लावणार नाही. इंचपट्टी, खडू, उसवणी, चार-सहा जादा बॉबिन, आणि सुया. सुईचा नंबर कापडाप्रमाणे बदलतो. मलमल व पातळ सुतीस अकरा, नेहमीच्या पोलक्याच्या कापडास चौदा, खाकी व जाड कापडास सोळा. सुई बोथट झाली की टाके सुटतात व कापडास ओढ बसते. सात-आठ तास शिवण झाल्यावर सुई बदलावी, ही सवय आरंभापासून लावावी. वैदिक ऋषीस न मोडणारी सुई देवाजवळ मागावी लागली. आपणांस ती थोडक्या रुपयांत बदलता येते, तेथे कृपणता कशाला? तेल मशीनचे, पांढरे, पातळ असेच घालावे. खोबरेल किंवा खाण्याचे तेल घातल्यास ते आत चिकटते व यंत्र जड चालू लागते. आठवड्यातून एकदा दात्यांखालील कापसाचा कचरा ब्रशाने काढावा, प्रत्येक छिद्रात एकेक थेंब सोडावा, आणि मग चिंधीवर टीप घालून जादा तेल पुसून घ्यावे.

शिकण्याचा क्रम आम्ही शिक्षक या नात्याने सांगतो. पहिले तीन दिवस दोराच ओवू नये. सुईही जुनी लावावी. मुलांची रेघी वही घेऊन तिच्या पानावर रेघेवरून रिकामी सुई चालवावी. चाक नेहमी आपल्याकडे फिरले पाहिजे. उलटे गेले की दोरा गुंतलाच. एकेरी रेघ साधली म्हणजे चौकटी, मग ताटलीभोवती काढलेले वर्तुळ. हे झाल्यावर दोरा ओवावा, आणि पहिल्या महिन्यात पिशव्या व उशीचे अभ्रे, दुसऱ्यात परकर व झबली, तिसऱ्यात मुलांचे साधे कपडे, एवढेच करावे. पोलके सहा महिन्यांपूर्वी हाती घेऊ नये. पहिल्याच आठवड्यात नवे कापड कापून ज्यांनी ते बिघडविले, त्यांतील पुष्कळ जणींनी यंत्रास पुन्हा हात लावलेला नाही. गावात शिवणवर्ग असेल तर उत्तमच. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो, व बँकांनी चालविलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था हे शिक्षण विनामूल्य देतात.

आता शिरूरच्या सासूबाईंच्या प्रश्नाकडे येऊ. तयार कपडे स्वस्त असता यंत्र कशाला? सदरा व फ्रॉक यांपुरते त्यांचे म्हणणे बरोबर आहे. ते घरी शिवून फारसे वाचत नाही. परंतु पोलके अंगाच्या मापाचेच लागते. आमच्याच घरचा हिशेब पाहा. एका वर्षी चार स्त्रियांची वीस पोलकी बाहेर शिवून घेतली. आठ साधी दोनशे रुपये दराने, बारा अस्तराची साडेतीनशे दराने. १,६०० अधिक ४,२०० मिळून ५,८०० रुपये केवळ शिलाईचे झाले. म्हणजे हात बसल्यानंतर दीड वर्षात यंत्राची किंमत भरून येते. शिकण्याचे पहिले वर्ष यात धरू नये, व लग्नकार्यातील अवघड शिवण आपल्या नेहमीच्या शिंप्याकडेच द्यावी. त्याचे कौशल्य एका वर्षात येणारे नव्हे.

परंतु या हिशेबात एक रकमेची जागा कोरी राहिली आहे, आणि बहुतेक घरांत ती कोरीच राहते. ती म्हणजे शिवणारीच्या वेळेची. वीस पोलकी शिवावयास नवखीला साठ-सत्तर तास तरी लागतील. सकाळचा स्वयंपाक, मुलांचे डबे, पाहुणे, सणवार हे सर्व तसेच ठेवून वर पोलकीही तिनेच शिवावयाची असतील, तर घराने पैसे वाचविले नाहीत. ते तिच्या झोपेतून काढून घेतले. म्हणून आमचे स्पष्ट सांगणे आहे की, यंत्र घेण्याचे ठरविताना घरातील ज्येष्ठांनी दिवसातील दोन तासही ठरवावेत. त्या दोन तासांत चहा दुसरीने करावा, दाराची घंटा तिसऱ्याने पाहावी. जेथे हे ठरणार नसेल तेथे यंत्र घेऊ नये. ते टेबल होणार हे निश्चित.

आणि यंत्र कोणाचे? संयुक्त कुटुंबात 'घरचे' म्हटले की गोष्ट गोड वाटते. परंतु घरचे म्हणजे पुष्कळदा कोणाचेच नव्हे, किंवा जो अधिक मोठ्याने बोलेल त्याचे. आपल्या स्मृतिकारांनी स्त्रीधनाचा विचार सूक्ष्मपणे केला आहे. मनूने त्याचे सहा प्रकार सांगितले. मिताक्षरेने त्याचा अर्थ पुष्कळ विस्तारला. आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने हिंदू स्त्रीकडे असलेल्या संपत्तीवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. तेव्हा यंत्राची पावती शिकणारीच्या नावाने करावी. हमीपत्रावर तिचे नाव असावे, व शेजारणींच्या शिवणाचे चार पैसे आले तर ते तिच्या खात्यात जावेत. याने घर फुटत नाही. ज्या घरात सुनेची एक वस्तू सुनेची म्हणून सुखाने नांदते, ते घर अधिक टिकते असा आमचा अनुभव आहे.

दौंडच्या भगिनीविषयी थोडे अधिक लिहिणे प्राप्त आहे. शिरूरहून न्हावरे, चौफुला या वाटेने दौंडकडे जाताना केडगाव लागते. तेथे पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदन उभे केले, आणि १८९६–९७ च्या दुष्काळानंतर शेकडो निराधार स्त्रिया व मुली तेथे राहिल्या. त्यांच्या धर्मांतरावरून त्या काळी पुष्कळ वाद झाला. तो येथे उकरण्याचे कारण नाही. आश्रयास आलेल्या स्त्रीच्या हाती शिवण, विणकाम, छपाई असे काही काम दिले पाहिजे, हे त्यांनी जाणले होते. पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या सेवासदनात रमाबाई रानडे यांनीही शिवणाच्या वर्गास महत्त्व दिले. या दोन रमाबाईंचे मार्ग निरनिराळे; परंतु केवळ सहानुभूतीने स्त्री उभी राहत नाही, याविषयी दोघींचे एकमत होते.

तिने काळे पायमशीनच घ्यावे, व सहा महिन्यांनी त्यास मोटर बसवावी. आरंभी पोलक्यांच्या मागे न लागता दुरुस्तीची कामे घ्यावीत : विजारीची लांबी कमी करणे, चेन बदलणे, बाही सैल करणे. ही कामे मोठे शिंपी टाळतात, यांत कापड बिघडण्याचे भय कमी, आणि पैसे त्याच दिवशी मिळतात. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत, रेल्वेचा मोठा नोकरवर्ग आहे. तेथे खाकी व गणवेश यांच्या दुरुस्तीस तोटा नाही. सोळा नंबरची सुई व काळे यंत्र यास पुरेसे आहे. हातात काम वाढले व महिन्याची मिळकत स्थिर झाली, म्हणजेच चौथ्या जातीच्या यंत्राचा विचार करावा, आणि तोही मिळकतीतून.

सरकारी साहाय्याविषयी सावधगिरी हवी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पी.एम. विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे. तीत प्रशिक्षण, अवजारांकरिता पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य व पाच टक्के व्याजाने कर्ज यांची तरतूद आहे. परंतु ती जे हा व्यवसाय आधीच करीत आहेत त्यांच्याकरिता आहे. म्हणून प्रथम काम सुरू करावे, मग चौकशी करावी. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडे व पंचायत समितीतही विचारावे. मात्र 'मोफत शिलाई मशीन' असा मोबाईलवर संदेश आला, व अर्जासाठी पैसे किंवा ओ.टी.पी. मागितला, तर तो तत्काळ पुसून टाकावा. हप्त्याने घेणाऱ्यांनीही सर्व हप्त्यांची बेरीज करून ती रोख किमतीशेजारी लिहावी. उत्तर आपोआप दिसेल.

असो. दोन्ही घरी आमचे सांगणे एवढेच की, पैसे टाक्यांच्या संख्येवर घालू नयेत. यंत्र साधे, भक्कम व गावात दुरुस्त होणारे असावे. पावती शिवणारीच्या नावाची असावी. आणि ते खिडकीशी, डावीकडून उजेड येईल असे ठेवावे. माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेल्या यंत्रावर कोणीही फार दिवस बसत नाही.